सुईवर ठपका ठेवणाऱ्यांना

‘गाठीला सुई लावू नका, चवताळते.’ हे वाक्य पनवेलमध्ये मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की ते आता कोणा एकाचं राहिलेलं नाही. खांदा कॉलनीतल्या शिकल्यासवरल्या घरात ते ऐकू येतं, नेऱ्याकडच्या गावांत ऐकू येतं, पेणहून येणाऱ्या एसटीत ऐकू येतं. सांगणारा माणूस वाईट नसतो. बहुतेकदा तो जवळचा असतो, काळजीपोटी सांगतो, आणि म्हणूनच त्याचं ऐकलं जातं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्तनातल्या गाठीत सुई घालून पेशी काढणं, तुकड्यांच्या काचपट्ट्या तपासणं हे माझं रोजचं काम. ‘मॅडम, सुई नको, एकदमच काढून टाका,’ असं नवरा सांगत असतो आणि बाई गप्प बसलेली असते. ही निदान आलेली तरी असते. जी सुईच्या धाकाने आलीच नाही, ती काही महिन्यांनी येते. तेव्हा कातडी आत ओढली गेलेली असते आणि काखेतल्या गाठीही हाताला लागतात. मला या वाक्याचा राग येतो, आणि तो लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

आधी समोरच्याचं म्हणणं पूर्ण मांडते. ते असं: कॅन्सरची गाठ ही अंगात तयार झालेली एक वेगळी, बंद वस्तू. आतलं आत आहे तोवर धोका नाही. सुई टोचली की भोक पडतं, आतलं रक्तात उतरतं आणि आजार अंगभर होतो. दाखला तयार असतोच: अमक्या बाईला दोन वर्षं गाठ होती, काही त्रास नव्हता, बायोप्सी केली आणि सहा महिन्यांत गेली. तेव्हा तपासणी नको. काढायचीच तर एका दमात, मुळासकट. आणि एकदा काढली की संपलं. पुढची केमो, रेडिएशन, पाच-पाच वर्षांच्या गोळ्या हा सगळा हॉस्पिटलांचा धंदा. त्यापेक्षा प्रतिकारशक्ती वाढवा, शरीर आपलं आपण बघून घेईल.

ही बोलणी वेगवेगळी वाटतात, पण त्यांच्या तळाशी समजूत एकच आहे. गाठ म्हणजे वाईट पेशींचा गोळा, आणि बाकीचं शरीर त्यात सामील नाही. ही समजूतच खोटी आहे. ती खोटी ठरली की तिच्यावर उभं असलेलं बाकीचं काही टिकत नाही.

ऑपरेशननंतर काढलेला भाग फॉर्मॅलिनच्या डब्यातून माझ्या टेबलावर येतो. बोटांनी चाचपलं की गाठ कुठे आहे ते लगेच कळतं, कारण ती टणक असते. चरबीतून सुरी सहज जाते, गाठीशी पोचली की करकरते. कापलेल्या बाजूवर करडा-पांढरा भाग दिसतो. त्याच्या कडा सरळ नसतात. आजूबाजूच्या पिवळ्या चरबीत पांढरे धागे चहूकडे शिरलेले असतात. यातला तुकडा मेणात बसवून केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढतात, दोन रंगांत रंगवतात. मग भिंगाखाली पाहायचं. जांभळ्या केंद्रकांच्या कॅन्सर पेशी कुठे घोळक्याने, कुठे एकामागे एक ओळीने असतात. त्यांच्या मधल्या सगळ्या जागेत गुलाबी तंतूंचा पसारा असतो. कित्येक गाठींत निम्म्याहून जास्त जागा या पसाऱ्यानेच व्यापलेली असते. हाताला लागलेला तो टणकपणा मुख्यतः त्याचाच, कोलॅजनचा. आणि हे कोलॅजन मुख्यतः कॅन्सर पेशींनी विणलेलं नसतं. ते त्या बाईच्या स्वतःच्या तंतुपेशींनी, म्हणजे फायब्रोब्लास्टनी विणलेलं असतं. हाताला कापलं की जखम सांधायला ज्या पेशी येतात, त्याच जातीच्या या.

त्या पसाऱ्यात आणखीही बरंच काही दिसतं. नव्याने फुटलेल्या, वेड्यावाकड्या, गळक्या रक्तवाहिन्या. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी, ज्यांचं काम एरवी जंतू आणि मेलेला कचरा गिळण्याचं. लिम्फोसाइट, कधी गाठीच्या आत शिरलेले, कधी काठावरच अडवून ठेवलेले. कडेला चरबीच्या पेशी, ज्या संप्रेरकं आणि इंधन दोन्ही पुरवतात. या सगळ्याला शास्त्रज्ञ ट्यूमर मायक्रोएन्व्हायर्न्मेंट म्हणतात. मी गाठीचा परिसर म्हणते. ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं की नव्या रक्तवाहिन्या ओढून आणल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढू शकत नाही. हॅरॉल्ड ड्वोराक यांनी 1986 मध्ये दाखवून दिलं की गाठ शरीराची जखम भरण्याची यंत्रणाच वापरते, फक्त ते भरणं कधी थांबत नाही. मग गाठ परकी कशी? तिला लागणारं बांधकाम, रक्तपुरवठा, राखण हे सगळं आपलंच शरीर करत असतं.

कोणी म्हणेल, कारण तर बिघडलेली पेशीच ना? बाकीचे नुसते हमाल. तर मिना बिसेल यांचे प्रयोग पाहा. इराणमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत बर्कलीला काम केलेल्या या बाईंच्या गटाने 1984 मध्ये दाखवलं की कोंबडीत हटकून गाठ करणारा विषाणू अंड्यातल्या कोवळ्या गर्भात सोडला तर गाठ होत नाही; त्याच गर्भातल्या पेशी बाहेर काढून काचेच्या बशीत वाढवल्या की त्या कॅन्सरसारख्या वागू लागतात. पुढे 1997 मध्ये त्यांच्याच गटाने माणसाच्या स्तनातल्या कॅन्सर पेशी मऊ जेलमध्ये वाढवल्या आणि त्या पेशी आजूबाजूच्या जाळ्याला ज्या प्रथिनांनी धरून असतात, त्यातल्या एकाला अडवलं. वेड्यावाकड्या वाढणाऱ्या पेशी पुन्हा नीट गोलाकार मांडणीत आल्या. आतला जनुकीय बिघाड होता तसाच होता. बदललं होतं ते परिसराशी असलेलं नातं.

हे डोळ्यांसमोर ठेवून सुईकडे वळू.

गाठीतल्या पेशी रक्तात उतरण्यासाठी कोणाच्या सुईची वाट पाहत नाहीत. 1975 मध्ये रॅट जातीच्या उंदरांच्या स्तनातल्या गाठींवर मोजणी झाली: एक ग्रॅम गाठीतून दिवसाला तीस ते चाळीस लाख पेशी रक्तात जात होत्या. सुई नाही, चाकू नाही, धक्कासुद्धा नाही. गाठीने स्वतः ओढून आणलेल्या गळक्या रक्तवाहिन्या होत्या, तेवढं पुरेसं होतं. ज्या घराला इतकी दारं आधीच आहेत, तिथे एका भोकाने किती फरक पडणार?

तरीही पेशी सुईच्या वाटेवर सरकतात का? हो, सरकतात. ते आम्हा पॅथॉलॉजिस्टांनीच पाहिलं आणि लिहिलं आहे. 1999 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुईने तुकडा काढल्यानंतर झालेल्या साडेतीनशेच्या आसपास शस्त्रक्रियांचे नमुने होते. सुईनंतर पंधरा दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झाली तिथे सुमारे 42 टक्के नमुन्यांत सरकलेल्या पेशी सापडल्या. अठ्ठावीस दिवसांहून जास्त गेले तिथे फक्त 15 टक्क्यांच्या आसपास. सुईने सांडलेल्या पेशी फोफावत असत्या, तर दिवस जातील तसा हा आकडा वाढायला हवा होता. तो घटला. त्या पेशी तिथे मेल्या.

का मेल्या? याचं उत्तर लंडनच्या स्टीफन पेजेट यांनी 1889 मध्येच दिलं होतं. स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या 735 बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. यकृतात आणि हाडांत आजार वारंवार दिसला, प्लीहेत क्वचित. रक्त तर प्लीहेलाही भरपूर मिळतं. नुसतं रक्तातून वाहत जाऊन अडकणं एवढंच असतं तर असा फरक पडला नसता. त्यांनी निष्कर्ष काढला की बी सगळीकडे जातं, पण मानवेल त्याच जमिनीत रुजतं. रायगडातल्या शेतकऱ्याला हे सांगायला पेजेट लागत नाही. भाताचं बी कातळावर कितीही फेका, रोप येतं ते राब भाजलेल्या जमिनीतच. सव्वाशे वर्षांहून जुना हा विचार आज पेशी आणि रेणूंच्या पातळीवर उलगडला आहे. हाडात गेलेली स्तनाच्या कॅन्सरची पेशी एक प्रथिन सोडते. त्याने हाड झिजवणाऱ्या पेशी जाग्या होतात. झिजलेल्या हाडातून वाढीची द्रव्यं बाहेर पडतात आणि ती पुन्हा कॅन्सर पेशीला पोसतात. हाडाची ही अशी तयारी असते म्हणून तिथे पेशी टिकते. स्तनाच्या कातडीखाली सुईने सरकवलेल्या चार पेशींना यातलं काहीही मिळत नाही.

सुई न लावल्याने काय हुकतं, याचा हिशोब तर ही मंडळी कधीच करत नाहीत. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात; सुई लावली की त्या बाईची झोप परत येते. आणि असला कॅन्सर, तर ईआर, पीआर (पेशीवरचे संप्रेरकांचे ग्राहक) आणि हर-टू (वाढीचा इशारा घेणारं प्रथिन) यांचे निकाल त्याच तुकड्यातून येतात. केमो आधी द्यायची की शस्त्रक्रिया आधी करायची, स्तन वाचवता येईल का, कोणतं औषध लागू पडेल, हे सगळं त्यावर ठरतं. ‘एकदमच काढून टाका’ म्हणणारा माणूस सर्जनला डोळे बांधून काम करायला सांगत असतो.

आता चाकू. इथे एक गोष्ट मी मान्य करते, कारण ती खरी आहे. शस्त्रक्रियेने गाठीच्या परिसरात खळबळ होते. कापाकापीने जखम भरण्याची यंत्रणा जागी होते, आणि गाठ ज्या यंत्रणेवर जगते तीच ही. पण या शंकेचं लोकांनी काय केलं आणि शास्त्रज्ञांनी काय केलं, हा फरक बघा. लोकांनी तिची अफवा केली. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची चाचणी केली. 2011 च्या अखेरीपासून पुढची दहा वर्षं, देशातल्या 11 केंद्रांत, 1600 बायका. अर्ध्या बायकांना नेहमीची शस्त्रक्रिया. उरलेल्या अर्ध्यांना तीच शस्त्रक्रिया, फक्त चाकू लावण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती सहाही बाजूंनी लिग्नोकेन टोचायचं. दातांचे डॉक्टर भूल द्यायला वापरतात तेच हे स्वस्त औषध. पाच वर्षांनी आजार न परतता जगणाऱ्यांचं प्रमाण 82.6 टक्क्यांवरून 86.6 टक्क्यांवर गेलं. एकूण जगणाऱ्यांचं 86.4 वरून 90.1 वर. 2023 मध्ये हे जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत छापून आलं.

या निकालाचं महत्त्व पुन्हा सांगते. गाठीच्या पेशींना मारणारं कोणतंही नवं महागडं औषध यात नव्हतं. काही मिनिटांसाठी गाठीचा परिसर शांत केला, एवढंच. आणि तेवढ्याने शंभरातल्या आणखी चौघीजणी पाच वर्षांनी हयात होत्या. आणि ज्या बायकांना नेहमीचीच शस्त्रक्रिया मिळाली, त्यांच्यातल्याही शंभरातल्या 86 पाच वर्षांनी जिवंत होत्या. चाकू लागला की कॅन्सर अंगभर होतो हे खरं असतं, तर हा आकडा कुठून आला असता? शस्त्रक्रिया टाळणाऱ्या बायकांत शंभरातल्या किती वाचतात, ते या मंडळींनी एकदा सांगावं.

‘गाठ काढली की संपलं’ ही याच समजुतीची दुसरी बाजू. तिच्या पायी बायकांनी फार सोसलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॉल्स्टेड नावाच्या सर्जनने स्तन, छातीचे स्नायू आणि काख असं सगळं खरवडून काढण्याची पद्धत रूढ केली, आणि पाऊणशे वर्षं जगभर तेच चाललं. जितकं जास्त कापू तितकं मूळ निघेल, हा त्यामागचा विचार. 1970 च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी बायकांच्या गटांची काटेकोर तुलना सुरू केली. अधिक कापल्याने कोणी अधिक जगलं नाही. फक्त गाठ काढून रेडिएशन दिलेल्या बायका संपूर्ण स्तन गमावलेल्या बायकांइतक्याच जगल्या. आपल्याकडचा पुरावा तर आणखी थेट आहे. टाटा मेमोरियलमध्येच 350 अशा बायकांची चाचणी झाली, ज्यांचा आजार आल्या वेळीच दूर पसरलेला होता. केमोनंतर निम्म्यांच्या स्तनातली मूळ गाठ काढली, निम्म्यांची काढली नाही. 2015 मध्ये निकाल आला: काढलेल्यांचं मध्यम आयुष्य 19.2 महिने, न काढलेल्यांचं 20.5. मूळ गाठ हेच सगळं असतं तर ती काढल्यावर काहीतरी फायदा दिसायला नको होता का? पसरलेल्या आजाराने तोवर दुसरीकडे स्वतःचा परिसर उभा केलेला होता.

म्हणूनच ऑपरेशननंतरचे उपचार असतात. त्यांना लूट म्हणणाऱ्यांनी ते काय करतात ते तरी आधी समजून घ्यावं. स्तन वाचवून गाठ काढल्यावर रेडिएशन दिलं, तर दहा वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण 35 टक्क्यांवरून 19 वर येतं. हजारो बायकांच्या चाचण्या एकत्र करून 2011 मध्ये हे मांडलं गेलं. लेट्रोझोलच्या गोळीबद्दल तर माझ्यासमोर भांडणं होतात. ‘स्तनच काढला, आता गोळी कशासाठी?’ पाळी बंद झाल्यावर बीजांडकोश इस्ट्रोजेन बनवणं जवळजवळ थांबवतो, पण चरबीतला अरोमाटेज नावाचा विकर दुसऱ्या संप्रेरकांपासून ते बनवतच राहतो. पोटावरच्या, मांडीवरच्या, उरलेल्या स्तनातल्या चरबीतही. कुठेतरी निपचित पडलेली पेशी त्यावर जगू शकते. ती गोळी हा पुरवठा तोडते. संप्रेरकांवर वाढणारा हा आजार दहा-पंधरा वर्षांनीही परततो, म्हणून गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात ते झोलेड्रॉनिक ॲसिडसारखं औषध तर थेट जमिनीवरच काम करतं. 18,766 बायकांच्या चाचण्यांची एकत्र छाननी 2015 मध्ये लॅन्सेटने छापली. पाळी गेलेल्या बायकांत हाडांमध्ये आजार परतणं सुमारे 28 टक्क्यांनी घटलं, आणि स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 18 टक्क्यांनी. या औषधाचं मुख्य काम हाड झिजवणाऱ्या पेशींना थांबवण्याचं. पेजेटच्या विचाराची याहून पक्की साक्ष कोणती हवी?

राहिली प्रतिकारशक्ती. काढे, पावडरी, चूर्णं, सगळ्यांच्या डब्यांवर हा शब्द असतो. कॅन्सर झाला म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडली, ती वाढवली की कॅन्सर हटेल, असा सरळ हिशोब. पण गाठीच्या परिसरात प्रतिकाराच्या पेशी कमी नसतातच. काही गाठींत तर त्या भरून वाहत असतात. प्रश्न त्या कोणाचं काम करतात हा आहे. 2001 मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री पोलार्ड यांच्या गटाने अशा उंदरांवर काम केलं, ज्यांना जनुकीय फेरफारामुळे स्तनाचा कॅन्सर हटकून होतो. त्यांच्यापैकी काहींत मॅक्रोफेजना बोलावणारं द्रव्य बनत नव्हतं. स्तनात गाठी तशाच झाल्या, पण त्यांचं पुढचं रूप धारण करणं आणि फुप्फुसात पसरणं चांगलंच लांबलं. म्हणजे रक्षक म्हणून नेमलेल्या पेशीच गाठीला रक्तवाहिनीपर्यंत वाट करून देत होत्या. अशा ठिकाणी आंधळेपणाने सगळंच वाढवायचं म्हणजे कोणाचं बळ वाढवायचं? ज्या औषधांनी काही कॅन्सरमध्ये प्रतिकारशक्तीला खरंच कामाला लावलं, ती नेमका एखादा ब्रेक शोधून तो काढतात. काढ्याच्या बाटलीत ते नसतं.

आणि मग शेवटचा आक्षेप, जो मला सगळ्यात जास्त बोचतो, कारण तो आपल्या घराशेजारच्या संस्थेबद्दल आहे. ‘खारघरला उंदरांवर आणि काचेच्या बश्यांवर पैसा घालवतात, त्यापेक्षा खाटा वाढवा.’ खारघर आज पनवेल महापालिकेच्या हद्दीत आहे, आणि टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र तिथे आहे. लोक त्याला ‘खारघरचं टाटा’ म्हणतात. खाटा वाढायला हव्यातच, त्याबद्दल माझा वाद नाही. पण त्या खाटेवरच्या बाईला काय द्यायचं, हे ठरतं कुठे? या संस्थेचं मूळ परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये. तिथे पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकरांच्या हाताखाली डॉ. कमल रणदिवे काम करत होत्या. 1917 मध्ये पुण्यात जन्मलेल्या या बाईंनी जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्याकडे पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून घेतलं आणि परत येऊन देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी, संप्रेरकांशी आणि विषाणूंशी संबंध त्यांनी उंदरांमध्येच शोधला. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. गाठ एकट्या पेशीची नसून तिच्याभोवतीच्या संप्रेरकांचीही असते, हे या मराठी बाईने खूप आधी ताडलं होतं. त्या उंदरांवर घातलेला पैसा वाया गेला असं कोणाला खरंच म्हणायचं आहे का?

याच खारघरमध्ये 2021 मध्ये आयआयटी मुंबईने बनवलेल्या कार-टी पेशी रुग्णांना पहिल्यांदा दिल्या गेल्या, आणि 2023 मध्ये त्या उपचाराला मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी बदलून त्याला परत द्यायच्या. काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते काम करतं. मग स्तनाच्या कॅन्सरमध्ये का नाही? याचं एक मोठं कारण परिसरच. त्या टी-पेशींना गाठीत शिरायला वाट मिळत नाही, शिरल्याच तर आतलं वातावरण त्यांना थकवून टाकतं. रक्तात असा कोट उभा नसतो. हा कोट कसा फोडायचा, ते बश्या आणि उंदरांवाचून कसं कळणार? इथे पत्रकारांनाही एक सांगायचं आहे. 2024 च्या फेब्रुवारीत टाटाच्या ‘शंभर रुपयांच्या गोळी’ची बातमी सगळीकडे झळकली. मरणाऱ्या कॅन्सर पेशींतून सुटलेले गुणसूत्रांचे तुकडे भोवतालच्या चांगल्या पेशींना बिघडवतात, हा डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचा अनेक वर्षांचा विचार त्यामागे होता, आणि तो गंभीरपणे घ्यावा असाच आहे. पण बातमीत ती कॅन्सर परतू न देणारी गोळी झाली. माणसांमध्ये तेवढं सिद्ध करणारी मोठी चाचणी त्या बातमीमागे नव्हती. चालू असलेली लेट्रोझोल त्या बातमीवर विसंबून सोडणं जिवावर बेतू शकतं, हे त्याच बातमीत मोठ्या अक्षरांत यायला हवं होतं.

आता शेजारच्या त्या बाईकडे येते, जिचा दाखला प्रत्येक वेळी दिला जातो. दोन वर्षं गाठ होती, त्रास नव्हता. त्रास नव्हता कारण स्तनातली गाठ बहुधा दुखत नाही. दोन वर्षं ती कोलॅजन गोळा करत होती, रक्तवाहिन्या ओढत होती, रोज रक्तात पेशी सोडत होती. मग श्वास लागला किंवा पाठ दुखायला लागली, घरचे घाबरले आणि तिला हॉस्पिटलात आणलं. तेव्हा सुई लागली. सुईने आजार पसरवला नाही, पसरलेला आजार कागदावर आणला. दोन वर्षांचा दोष शेवटच्या पंधरा मिनिटांवर टाकला, की आधी ‘थांब’ म्हणणारे सगळे मोकळे होतात. या दाखल्याचा खरा उपयोग एवढाच आहे.

2022 या एका वर्षात भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे 1,92,000 नवे रुग्ण आणि सुमारे 98,000 मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. हे बदलायला यंत्रच लागतं असंही नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये 1998 पासून दीड लाखाहून अधिक बायकांवर झालेल्या टाटाच्या चाचणीत निम्म्या वस्त्यांमधल्या बायकांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत होत्या. एकूण मृत्यूंतली घट ठामपणे सांगावी इतकी मोठी नव्हती. पण पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये ती जवळजवळ 30 टक्के होती. हाताने, वेळेवर. गाठ लहान असताना, तिचा परिसर अजून पुरता बसलेला नसताना.

तेव्हा पनवेलमध्ये पुढच्या वेळी कोणी एखाद्या बाईला ‘सुई लावू नको, थोडं थांब’ म्हणेल, त्याला मला एवढंच विचारायचं आहे. ती तुमच्या शब्दावर तीन महिने थांबेल. त्या तीन महिन्यांत गाठीभोवती जे तंतू विणले जातील, ज्या रक्तवाहिन्या फुटतील, ज्या मॅक्रोफेज फितूर होतील, काखेत जी गाठ येईल, त्याचं उत्तर तुम्ही देणार आहात का? देणार असाल तर तिच्या घरच्यांसमोर तसं सांगा. नसाल तर तिच्यासोबत उद्या सकाळी उपजिल्हा रुग्णालयाच्या नाहीतर खारघरच्या ओपीडीत जा आणि तिची सुई होईपर्यंत तिथे थांबा.